बोरघाटाचा पहारा

कुलाबा या नांवानें १९८१ पर्यंत ओळखल्या जाणाऱ्या रायगड जिल्ह्यांत कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके सह्याद्रीच्या ऐन पायथ्याशीं आहेत. समुद्र येथून दूर. येथला खरा दरवाजा म्हणजे बोरघाट. घाटांतून कोण चढलें, कोण उतरलें, वाटेवर काय कोसळलें, यावर नजर ठेवणें हें या भागाचें जुनें काम. राजमाचीच्या श्रीवर्धन आणि मनरंजन या जोडबालेकिल्ल्यांवरून तें चालत असे. पुढें तें रेल्वेच्या सिग्नलांनीं आणि कंदिलांनीं केलें. आज तें कॅमेऱ्याच्या कांचेकडे आलें आहे. साधनें बदललीं, पण पहाऱ्यापुढचा एक प्रश्न बदलला नाहीं. खूण येईनाशी झाली, तर सर्व कांहीं ठीक आहे असें समजावें, कीं खूण देणाराच नाहींसा झाला असें समजावें?

या प्रश्नाचें चुकीचें उत्तर किती महाग पडतें, तें खालापूर तालुक्यांतील उंबरखिंडीनें १६६१ सालींच दाखविलें. शाएस्तेखानानें पुण्याहून कोंकणांत पाठविलेला कारतलबखान रायबागन हिच्यासह कुरवंड्याच्या वाटेनें सह्याद्री उतरला. खालीं दाट अरण्य आणि चिंचोळी वाट. या फौजेची प्रत्येक हालचाल शिवाजीमहाराजांच्या हेरांना कळत होती. खानाला मात्र पुढचें कांहींच कळत नव्हतें. अरण्य स्तब्ध होतें आणि त्या स्तब्धतेंत मराठ्यांचें सैन्य दबा धरून बसलें होतें. २ फेब्रुवारी रोजीं फौज खिंडींत कोंडली गेली आणि खानाला शरण जाऊन सुटका करून घ्यावी लागली. शांतता ही सुरक्षिततेची साक्ष नव्हे, हा त्या दिवसाचा धडा होय.

दोन शतकांनंतर त्याच डोंगरांत लोखंडी रस्ता आला. १८५६ सालीं आरंभ झालेलें बोरघाटाचें काम १८६३ सालीं पुरें झालें. सुमारें २५ किलोमीटरांत गाडीला १,८३१ फूट चढावें लागे आणि कांहीं ठिकाणीं ३७ फुटांस १ फूट असा चढ होता. १८६७ च्या पावसाळ्यांत या मार्गावरील एक कमानदार पूल कोसळला, तेव्हां केवळ भक्कम दिसणाऱ्या बांधकामावर विसंबतां येत नाहीं हें उघड झालें.

सिग्नलाच्या बाबतींतला धडा दूर इंग्लंडांत मिळाला. तेथें पूर्वीं सिग्नलाचा हात एरवीं ‘मार्ग मोकळा’ असाच ठेवीत आणि धोका असेल तेव्हांच तो फिरवीत. १८७६ च्या जानेवारींत ॲबट्स रिप्टन येथें बर्फानें हे हात मोकळ्याच्या स्थितींत गोठले. धोक्याची खूण दिली गेली, पण ती दिसलीच नाहीं, आणि गाड्या एकमेकींवर आदळल्या. त्यानंतर रीत उलटी झाली. सिग्नलाची नेहमींची स्थिति ‘धोका’ ही ठरली. तार तुटली तरी हात धोक्याकडेच जावा, आणि रात्रीं दिवा विझलेला दिसला तर तो तांबडाच समजावा, असा नियम झाला. बोरघाटांतील सांपळामार्ग याच विचाराचें फळ होय. उतरत्या गाडीसाठीं रूळ एरवीं चढणीच्या एका बंद फांट्याकडे वळविलेले असतात. गाडी थांबली, ताब्यांत आहे असें दिसलें, म्हणजेच तिला मुख्य मार्ग दिला जातो.

आतां कॅमेऱ्याकडे वळावें. १९४२ सालीं जर्मनींतील पेनेम्युंडे येथें अग्निबाणांचें उड्डाण दुरून पाहतां यावें म्हणून वॉल्टर ब्रुख या अभियंत्यानें बंद तारेवरील दूरदर्शनाची योजना केली. आज मुंबई-पुणें द्रुतगती मार्गावर २०२४ पासून कॅमेऱ्यांची मोठी यंत्रणा आहे, आणि कर्जत-खोपोलीच्या दुकानांत व बंगल्यांतही कॅमेरे आहेत. पावसाळ्याच्या एखाद्या रात्रीं यांतलें एक चित्र अचानक काळें पडतें.

अशा वेळीं घाईनें नवा कॅमेरा आणण्याऐवजीं साखळीची एकेक कडी तपासावी. सगळींच चित्रें गेलीं असतील, तर दोष पडद्यांत किंवा रेकॉर्डरांत असण्याचा संभव अधिक. एकच गेलें असेल, तर तो त्याच कॅमेऱ्याच्या वाटेवर शोधावा. त्या कॅमेऱ्याची केबल रेकॉर्डरच्या चालू असलेल्या दुसऱ्या खांचेंत लावून पाहावी. चित्र आलें तर पहिली खांच बिघडली. न आलें तर दोष कॅमेऱ्याच्या बाजूस आहे. नवा कॅमेरा आणि जुना रेकॉर्डर यांची चित्रपद्धति जुळत नसेल, तरी पडदा काळाच राहतो. दिवसा चित्र येतें आणि रात्रीं जातें, याचें कारण पुष्कळदां विजेंत असतें. १२ व्होल्टचा दाब लांब व बारीक तारेंतून जातांना घटतो, आणि अंधारांत कॅमेऱ्याचे अवरक्त दिवे लागले कीं तो पुरेनासा होतो. कोंकणच्या पावसांत उघड्यावरच्या जोडांत पाणी शिरून हिरवा गंज धरतो. तेंही मोठें कारण.

काळा पडदा निदान आपला दोष कबूल तरी करतो. गोठलेलें चित्र त्याहून घातक, कारण तें ॲबट्स रिप्टनच्या हातासारखें खोटें बोलतें. यासाठीं चित्राच्या कोपऱ्यांतील घड्याळ पुढें सरकतें आहे कीं नाहीं, हें रोज पाहावें.

कागदावरची शांतताही अशीच फसवी असते. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं खालापूर तालुक्यांतील इरशाळगडाच्या कुशींतल्या इरशाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हातीं लागले. ५७ माणसें सांपडलींच नाहींत. मोटारीचा रस्ता नसल्यानें मदत करणाऱ्यांना पावसांत पायीं चढावें लागलें. दरडींचा धोका असलेल्या गांवांच्या सरकारी यादींत या वाडीचें नांव नव्हतें. यादी गप्प होती. म्हणून डोंगर स्थिर होता असें नव्हे.

सिग्नल बिघडला कीं रेल्वे तेथें निशाण आणि हातकंदील घेतलेला माणूस उभा करते. दुरुस्ती मागाहून होते. पडदा काळा पडतांच तारा तपासाव्यात हें खरें, परंतु तोंवर त्या दाराशीं, त्या वळणावर किंवा त्या कड्याखालीं कोणी जागतें आहे कीं नाहीं, हें आधीं पाहावयास हवें.