अंजिराचें कुळ

चोरखमाऱ्याच्या तलावाकडून नागझिऱ्याच्या रानांत शिरणाऱ्यास वड, पिंपळ, उंबर हे वृक्ष नवे नाहींत. अंजीर त्यांच्याच कुळांतील. परंतु तें पश्चिम आशियांतून आलेलें असून त्याचें नांवही फारसी आहे.

जॉर्डन नदीच्या खोऱ्यांत गिलगाल येथें सुमारें ११,४०० वर्षांपूर्वींचीं अंजिरें सांपडलीं. तीं परागाविना फळणाऱ्या जातीचीं असून माणसानेंच फांट्या लावून वाढविलीं असावींत, असें मत २००६ सालीं संशोधकांनीं मांडलें. तें सर्वमान्य नाहीं. पण खरें असल्यास गव्हाच्या शेतीपूर्वींच माणसानें फळझाड लावलें, असें म्हणावें लागेल.

उंबरांतील किडे पाहून अनेक घरीं अंजिराविषयींही शंका घेतात. वास्तविक ते चिमुकले कीटक फळाच्या आंत दडलेल्या फुलांस पराग पोंचवितात. स्मर्ना जातीच्या अंजिरासही असाच कीटक लागतो. कॅलिफोर्नियांत त्या जातीचीं झाडें वाढलीं, पण फळें टिकेनात; १८९९ सालीं तो कीटक तेथें रुजला, तेव्हां बागा फळास आल्या. आपलें पुणेरी अंजीर मात्र कीटकावांचून फळतें.

पुरंदर तालुक्यांतील सासवड-दिवे भागांत पाऊस बेताचा आणि जमीन निचऱ्याची. म्हणून तेथें अंजिराचे खट्टा आणि मीठा असे दोन बहार धरितात. गोंदिया जिल्हा धानाचा व भरपूर पावसाचा. येथें परसांत अंजीर लावणाऱ्यानें उंचवट्याची, उन्हाची, पाणी न तुंबणारी जागा निवडावी. पक्व फांटीचा वीतभर तुकडा पुरतो. पावसाळ्यांत पानांवर तांबेरा येतो. रोगट पानें गोळा करून जाळावींत. फळ नव्या फुटीवर येतें, यास्तव छाटणी टाळूं नये. चीक अंगास लागूं देऊं नये.

२०१६ सालीं पुरंदरच्या अंजिरास भौगोलिक मानांकन मिळालें. त्याच वर्षीं त्याच तालुक्यांत विमानतळाची योजना जाहीर झाली आणि शेतकऱ्यांनीं जमिनी देण्यास विरोध केला. आपल्या परसांतील एका झाडानें त्या शेतकऱ्याची उपजीविका राखली जाणार नाहीं, हें उघड आहे. तथापि या जातीचा वंश बियांनीं नव्हे, फांटीनें, एका हातांतून दुसऱ्या हातांत जाऊनच टिकला आहे. हात थांबले कीं तो खुंटेल. बाजारांत अंजीर घेतांना एवढें स्मरणांत असावें.