न परतलेले जहाज : जोखमी हुंडी आणि पूर्णनाशाचा दावा

निजामशाहीची राजधानी अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, ही समुद्रापासून दूर, घाटावर होती. परंतु या राज्याचे मुख्य बंदर चौल हे होते. अरबी घोडे समुद्रमार्गे तेथे उतरत. हा समुद्र निर्धोक नव्हता. वादळाचे भय तर होतेच. शिवाय पोर्तुगीजांचा परवाना जवळ नसलेले जहाज त्यांच्याकडून पकडले जाई. १५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशहाने पोर्तुगीजांच्या चौलला घातलेला वेढा हा याच संघर्षाचा भाग होय. जहाज परतले नाही, तर तोटा कोणी सोसावयाचा, हा प्रश्न अशा व्यापारात अटळच होता.

पश्चिम किनाऱ्यावरील व्यापाऱ्यांनी या प्रश्नास दिलेले एक उत्तर म्हणजे जोखमी हुंडी. माल पाठविणारा व्यापारी त्या मालावर हुंडी काढून ती सावकारास विकी व रक्कम आधीच पदरात पाडून घेई. माल इष्ट बंदरी पोहोचला तरच हुंडीचे पैसे देणे लागत. जहाज बुडाले तर सावकाराची रक्कम बुडाली. ‘जदवजी गोपाल विरुद्ध जेठा शामजी’ या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालात या हुंडीचे विम्याशी असलेले साम्य व पैसे आगाऊ मिळण्याचा भेद, दोन्ही नमूद आहेत. ‘जोखीम’ हा शब्द अभ्यासक ‘योगक्षेम’ शब्दाशी जोडतात. ‘विमा’ मात्र फारसीतून आला.

येथे लक्षात घ्यावयाचे ते असे की, हुंडीत व्यापाऱ्यास नुकसानीचा दावा करावाच लागत नाही. विम्यात तो करावा लागतो, आणि नाश सिद्धही करावा लागतो. १९६३ चा भारतीय सागरी विमा अधिनियम पूर्णनाशाचे दोन प्रकार मानतो. जहाज नष्ट झाले, किंवा मालकाच्या हातून कायमचे गेले, तर तो प्रत्यक्ष पूर्णनाश. जहाज वाचविण्याचा खर्च वाचलेल्या जहाजाच्या किमतीहून अधिक होणार असेल, तर तो मानीव पूर्णनाश. येथे विमेदारास जहाज सोडून दिल्याची सूचना सामान्यतः द्यावी लागते. ती न दिल्यास दावा अंशतः हानीपुरताच उरतो.

परंतु जहाज बुडताना कोणी पाहिलेच नसेल तर? ८ नोव्हेंबर १८८८ रोजी कच्छमधील मांडवीहून मुंबईस निघालेली ‘वैतरणा’ ही आगबोट शेकडो उतारूंसह नाहीशी झाली. अशा प्रसंगासाठी अधिनियमाचे ५८ वे कलम आहे: वाजवी काळ लोटूनही वार्ता न आल्यास प्रत्यक्ष पूर्णनाश गृहीत धरता येतो. ‘वाजवी’ म्हणजे किती दिवस, हे कलम सांगत नाही. ते परिस्थितीवरून ठरवावयाचे असते.

सारांश, समुद्राचे मौन दोन्ही व्यवहारांत होते. हुंडीत त्या मौनाचा भार पैसे आधी दिलेल्या सावकारावर पडे. विम्यात तो भार प्रथम विमेदार वाहतो, आणि वाजवी काळ लोटल्यावरच तो विमा उतरविणाऱ्याकडे जातो. पूर्णनाश ही केवळ समुद्रात घडणारी घटना नव्हे. ती कधी घडली असे मानावयाचे, हे किनाऱ्यावरील माणसांना ठरवावे लागते.