साखळीची कडी

दोडामार्गाकडच्या आमच्या शाळेत भूगोलाच्या तासाला मी फळ्यावर सह्याद्री काढीत होतो. उत्तरेस कोयना आणि चांदोली, त्याखाली राधानगरी, दक्षिणेस गोव्याचे म्हादई आणि कर्नाटकाचे भीमगड. या दोहोंच्या मध्ये तिळारीचा एक ठिपका ठेवला, तोच एका मुलाने विचारले, "गुरुजी, एवढासा ठिपका पुसला तर काय बिघडेल?"

प्रश्न रास्त होता. २०१० साली झालेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प सुमारे ११६५ चौरस किलोमीटरांचा. २०२० साली संवर्धन राखीव म्हणून जाहीर झालेली तिळारी अवघी २९.५३ चौरस किलोमीटरांची!

पण वाचकहो, जंगल राखण्याचा आपला इतिहासच तुकड्यातुकड्यांचा आहे. दाजीपूरचे रान कोल्हापूरच्या छत्रपतींनी शिकारीसाठी राखले, म्हणूनच ते उरले. १९५८ साली शिकारीच्या त्या रानाचे अभयारण्य झाले. १९८५ साली कोयनेला आणि चांदोलीला तेच भाग्य लाभले. मात्र मधले रान तुटत गेले की अशी राखीव जंगले बेटे बनतात. आपण मुलीसाठी गावाबाहेरचे स्थळ पाहतो ना? जनावरांनाही आपल्या गोतावळ्याबाहेर सोयरीक शोधावी लागते. वाट नसेल तर वंश खुंटतो.

वाट असली म्हणजे काय होते, तेही पाहा. २०२२ साली राधानगरीत ज्याचे छायाचित्र मिळाले, तोच वाघ डिसेंबर २०२३ मध्ये चांदोलीत दिसला. सुमारे शंभर किलोमीटरांची ही मजल त्याने मधल्या रानांच्या आधारानेच मारली असणार. तिळारी ही त्याच साखळीची दक्षिणेकडची कडी.

हे सारे मी रंगून सांगितले. मुलगा उभाच होता. म्हणाला, "मग आमच्या माडांचं नि केळींचं काय, गुरुजी?"

मी गप्प झालो. २००२ साली कर्नाटकातून हत्ती आमच्या तालुक्यात उतरले, तेव्हापासून कित्येकांच्या बागा एका रात्रीत भुईसपाट झाल्या. त्याच्या घरचीही त्यांतलीच. रानाचे पाणी नि सावली साऱ्यांना, आणि नुकसान मात्र एकट्या बागाईतदाराला, हा न्याय नव्हे. भरपाई वेळेवर आणि पुरती मिळाली, तरच गावकरी ही कडी आपली मानतील. नाहीतर कागदावर राखलेली जमीन कागदावरच राहील.

तास संपला. फळा पुसताना तो ठिपका मात्र मी तसाच ठेवला.