कंपनीने रिटर्न भरले नाही, तर दंड डायरेक्टरच्या खिशातून का जातो?

भोसरी किंवा चाकण एमआयडीसीत एखादं छोटं वर्कशॉप वाढलं, की मालक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढतो. त्यासाठी किमान दोन डायरेक्टर लागतात. मग दुसरं नाव बायकोचं, भावाचं नाहीतर मेव्हण्याचं टाकलं जातं. ‘फक्त सही कर, बाकी मी बघतो.’

अडचण इथूनच सुरू होते.

कंपनी कायदा 2013 नुसार प्रत्येक कंपनीला दरवर्षी दोन गोष्टी रजिस्ट्रार ऑफ कंपनीज म्हणजे आरओसीकडे भराव्या लागतात. वार्षिक सभेनंतर 30 दिवसांत ताळेबंद (फॉर्म एओसी-4) आणि 60 दिवसांत वार्षिक विवरणपत्र (एमजीटी-7, लहान कंपन्यांसाठी एमजीटी-7ए). जीएसटी आणि इन्कम टॅक्स भरला म्हणजे हेही झालं, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. वर्षभरात एक रुपयाची उलाढाल नसली तरी हे भरावंच लागतं. या पट्ट्यातल्या कंपन्या पुणे आरओसीच्या अखत्यारीत येतात आणि ते ऑफिस आकुर्डी स्टेशनजवळच आहे.

उशीर झाला तर प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला 100 रुपये जादा शुल्क लागतं आणि त्याला कमाल मर्यादा नाही. समजा, एका वर्षाचे दोन्ही फॉर्म तीन वर्षं उशिरा भरले, तर नुसतं हे शुल्क 2 लाख 19 हजार रुपये होतं.

हे झालं कंपनीचं. दंड वेगळा. कलम 92 आणि 137 नुसार कंपनीबरोबर जबाबदार अधिकाऱ्यालाही 10 हजार रुपये, शिवाय दिवसाला 100 रुपये, असा 50 हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. तोही एकेका फॉर्मसाठी. लहान कंपन्यांना यात निम्म्यापर्यंत सवलत आहे. जबाबदार अधिकारी कोण? मॅनेजिंग डायरेक्टर, सीएफओ असे पदाधिकारी नसतील आणि संचालक मंडळाने कुणाला नेमूनही दिलं नसेल, तर सगळेच डायरेक्टर. म्हणजे घरी बसून सही करणारी बायकोसुद्धा.

‘लिमिटेड’ या शब्दाचा आधार इथे मिळत नाही. तो शेअरहोल्डरला कंपनीच्या कर्जापासून वाचवतो, डायरेक्टरला त्याच्या स्वतःच्या चुकीपासून नाही.

सलग तीन आर्थिक वर्षं रिटर्न भरले नाहीत, तर कलम 164(2) लागू होतं. ती व्यक्ती पाच वर्षं त्या कंपनीत पुन्हा किंवा दुसऱ्या कुठल्याही कंपनीत डायरेक्टर म्हणून नेमली जाऊ शकत नाही. दुसऱ्या कंपन्यांमधलं असलेलं पदही जातं. एका बंद पडलेल्या कंपनीमुळे चालू धंद्यातली खुर्ची गेली, असं खरंच होतं. सप्टेंबर 2017 मध्ये केंद्राने 2 लाखांहून जास्त कंपन्यांची नोंदणी रद्द केली आणि पहिल्याच टप्प्यात 1,06,578 डायरेक्टर अपात्र ठरवले. त्यानंतर अनेक उच्च न्यायालयांत याचिकांची रांग लागली.

कंपनी यादीतून काढली म्हणजे सुटका झाली, असंही नाही. कलम 248(7) प्रमाणे डायरेक्टरची जबाबदारी नंतरही कायम राहते. धंदा थांबलाच असेल, तर रिटर्न भरून कंपनी रीतसर बंद करणं किंवा ‘डॉर्मंट’ दर्जा घेणं स्वस्त पडतं.

आणि राजीनामा? तो देता येतो. पण पदावर असताना झालेल्या चुकांची जबाबदारी राजीनाम्यानंतरही त्याच व्यक्तीवर राहते.