तेरचे कापड, कल्याणचे बंदर

तेरणाकाठचे तेर आज गोरोबाकाकांचे गाव म्हणून ओळखले जाते. दोन हजार वर्षांपूर्वी त्याचे नाव तगर होते आणि त्याचा लौकिक कापडाचा होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने बंदरांची माहिती सांगणारी एक वही लिहिली. तीच ‘पेरिप्लस’. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे फार मोठे नगर आहे, असे तो सांगतो. तिथले जाडेभरडे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोच बंदराला जाई. पैठणहून भडोच आणखी वीस दिवस. तेरच्या गाडीवानाला एका खेपेला महिना लागत असे.

एवढ्या लांब कशाला जायचे? तेरहून भडोच सरळ रेषेत सुमारे पाचशे किलोमीटर आहे, तर कल्याण साडेतीनशेच्या आत. जुन्नरवरून नाणेघाट उतरला की कल्याणची वाट मोकळी. घाटमाथ्यावर दगडात कोरलेला भलामोठा रांजण आजही उभा आहे. जकातीची नाणी त्यात टाकली जात, असे परंपरेने सांगतात.

उत्तर त्याच वहीत सापडते. कल्याण हे पूर्वी रीतसर खुले बंदर होते. पुढे सँडॅनिस नावाच्या राजाच्या हाती ते गेले आणि तिथला व्यापार अडवला गेला. चुकून एखादे ग्रीक जहाज कल्याणला लागलेच, तर त्याला पहाऱ्यात भडोचला नेत. तेरच्या मालाने लांबची वाट का धरली, हे लेखक थेट सांगत नाही; पण दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या की कार्यकारण जुळते. दोन सत्तांच्या चढाओढीत एक बंदर बंद झाले. त्याची किंमत भरली ती राजाला कधी पाहिलेही नसेल अशा विणकराने आणि गाडीवानाने.

तरीही व्यापार थांबला नाही. तेरमध्ये हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती सापडली. इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेईत 1938 साली मिळालेल्या भारतीय मूर्तीशी तिचे विलक्षण साम्य आहे. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमवलेल्या वस्तूंमुळे तेरमध्ये उभ्या राहिलेल्या संग्रहालयात हा सारा ऐवज पाहता येतो.

या व्यापाराचा कणा होता विश्वास, आणि तो कारागिरांनी आपल्या बळावर कमावला होता. नाशिकच्या लेण्यांत नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. भिक्षूंसाठी कायमची ठेव म्हणून त्याने तीन हजार कार्षापण ठेवले, ते विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक, उरलेल्या हजारावर पाऊण टक्का व्याज ठरले. हे सारे निगमसभेत जाहीर करून फलकावर नोंदवले गेले. राजघराण्यातला माणूस आपला पैसा विणकरांच्या हाती सोपवतो आणि करार चारचौघांत वाचला जातो. हुकमापेक्षा कराराला मान असला की बाजार कसा उभा राहतो, ते इथे दिसते.

त्याच नाशिकला गौतमी बलश्रीने आपल्या मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची, थोरवी कोरून घेतली आहे. त्यात लढायांच्या जोडीला एक वेगळी स्तुती येते: धर्माला धरून मिळालेल्या करांचाच तो विनियोग करी. राजाच्या कर घेण्यालाही मर्यादा असते, ही समज इथल्या मातीत किती जुनी आहे, याचा हा दगडी पुरावा. राज्यसंस्था नकोच, असे यातून निघत नाही. नाणे खरे ठेवणे, वाट निर्धोक ठेवणे, करार मोडणाऱ्याला जाब विचारणे ही तिचीच कामे. माल कोणत्या बंदराला न्यायचा, हे मात्र ज्याचा माल त्याने ठरवावे.

शरद जोशींनी शेतकरी संघटनेतून शेतमालाच्या बाजारावरच्या बंधनांविरुद्ध लढा दिला, तो याच हक्कासाठी. महाराष्ट्रात 2016 मध्ये फळे-भाजीपाला बाजार समितीच्या सक्तीतून मोकळा झाला, तेव्हा जोशींना जाऊन काही महिने झाले होते. पण अडवणूक संपलेली नाही. डिसेंबर 2021 मध्ये सोयाबीनचे वायदे थांबवण्यात आले. डिसेंबर 2023 मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली, ती मे 2024 पर्यंत. शहरातल्या ग्राहकाला महागाईची झळ बसते, हे खरे. पण तिचा भार एकट्या पिकवणाऱ्यावर टाकणे अन्यायाचे आहे. तेरच्या परिसरातल्या कळंब किंवा भूमचा शेतकरी जूनमध्ये सोयाबीन पेरतो, ते ऑक्टोबरातल्या बाजाराच्या भरवशावर. विक्रीचे नियम पेरणीपूर्वी जाहीर व्हावेत आणि काढणीपर्यंत बदलू नयेत, एवढी हमी त्याला कायद्याने मिळायला हवी.