रद्दीच्या तराजूतील वेताळ

इतिहासाची साधने शोधावयास घाटकोपर-मुलुंडच्या रद्दीच्या दुकानांत जावे, असे म्हटले तर श्रोते हसतील. आम्हांस मात्र ती तेथेच गवसली.

मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाने ‘इंद्रजाल कॉमिक्स’ काढले. पुढे मराठी आवृत्तीही निघाली आणि ली फॉक यांचा १९३६ सालचा फँटम ‘वेताळ’ होऊन आमच्या चाळींत शिरला. १९६७ पासून अनंत पै यांची ‘अमर चित्र कथा’ येऊ लागली. ‘इंद्रजाल’ १९९० साली थांबले.

हे अंक जपावेत असे फारसे कोणास वाटले नाही. मुलांनी ते वाचून वाचून फाडले, आयांनी किलोवर घातले (आमच्याही!), उरले ते माळ्यावर गेले. आता जुन्या इमारती पाडून मनोरे उठतात, तेव्हा माळे रिते होतात व गठ्ठे तराजूवर येतात. इंग्रजी अंक दुकानदार बाजूस काढतो, कारण त्याचे गिऱ्हाईक ठरलेले. मराठी अंक वर्तमानपत्रांबरोबर लगद्याला जातो. म्हणून तोच दुर्मीळ.

मुलुंडला आम्हांस असा एक मिळाला. साल ठरवावे तर मुखपृष्ठ नाही. आत पेन्सिलीने ‘इयत्ता चौथी, तुकडी ब’ एवढेच.