विद्राव्यता आणि तापमान

ठराविक तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात एखादा घन पदार्थ जास्तीत जास्त जितके ग्रॅम विरघळतो, ती त्या पदार्थाची त्या तापमानाची विद्राव्यता. तेवढा पदार्थ सामावलेल्या द्रावणाला संपृक्त द्रावण म्हणतात. तापमान सांगितल्याशिवाय विद्राव्यतेच्या आकड्याला अर्थ नाही. पाणी तापवले की बहुतेक घन पदार्थांची विद्राव्यता वाढते, काहींची जेमतेम हलते आणि थोड्यांची चक्क घटते. (पाण्यात मिसळलेला ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड यांसारखे वायू मात्र पाणी तापू लागताच निघून जाऊ लागतात.) लवकर विरघळणे आणि जास्त विरघळणे यांत गल्लत होऊ देऊ नये. ऊन पाण्यात मीठही झटपट विरघळते, पण एकूण किती मावेल यात फारसा फरक पडत नाही.

तापमानाचा परिणाम फार ठळक दिसतो तो सोऱ्यात, म्हणजे पोटॅशियम नायट्रेटमध्ये. १०० ग्रॅम पाण्यात ०° से.ला सुमारे १३ ग्रॅम सोरा विरघळतो, २०° से.ला ३२ ग्रॅम, ८०° से.ला १६९ ग्रॅम आणि उकळत्या पाण्यात जवळजवळ २४५ ग्रॅम. बंदुकीच्या दारूचा सुमारे तीन चतुर्थांश भाग सोऱ्याचा. त्यामुळे बिहारमधल्या सोऱ्यावर सतराव्या-अठराव्या शतकांत युरोपीय व्यापारी कंपन्यांचा डोळा असे. तिथले नोनिया कारागीर जुन्या वस्त्यांतली लोणा धरलेली माती गोळा करत, तिच्यातून पाणी झिरपवत आणि ते पाणी आटवून निवू देत. मातीतून सोऱ्याबरोबर साधे मीठही उतरते. ८०° से.ला संपृक्त केलेले सोऱ्याचे द्रावण २०° से.पर्यंत निवले, की दर १०० ग्रॅम पाण्यामागे सुमारे १३७ ग्रॅम सोरा लांबट स्फटिकांच्या रूपाने तळाशी बसतो. पाण्यात वीसेक ग्रॅम मीठ असले तर ते मात्र विरघळलेलेच राहते. रसायनशास्त्राचे पुस्तक न उघडता या कारागिरांनी दोन पदार्थांच्या विद्राव्यतेतला फरक नेमका हेरला होता, आणि त्यांची ही कामगिरी रसायनशास्त्राच्या इतिहासात मानाने नोंदवण्याजोगी आहे. प्रयोगशाळेत आजही पुनःस्फटिकीकरणाने पदार्थ शुद्ध करतात, ते याच तत्त्वावर.

मिठाचे, म्हणजे सोडियम क्लोराइडचे, वागणे याहून अगदी वेगळे. ०° से.ला ३५.७ ग्रॅम आणि १००° से.ला सुमारे ३९ ग्रॅम, एवढीच काय ती वाढ. द्रावण निववून मीठ हाती लागत नाही. पाणीच उडवून लावावे लागते. वसई, उरण, पेण किंवा गोव्यातल्या मिठागरांत समुद्राचे पाणी उथळ वाफ्यांत घेऊन उन्हावर आटवतात, त्याचे कारण हेच. साखरेची विद्राव्यता मुळातच प्रचंड आहे, २०° से.ला सुमारे २०४ ग्रॅम आणि १००° से.ला ४८७ ग्रॅम. खडीसाखरेसाठी दाट पाक सावकाश निवत ठेवतात, तेव्हा हा फरकच दोऱ्यावर खड्यांच्या रूपाने बसतो.

तापमान आणि विद्राव्यता यांचे आलेख पहिल्यांदा पद्धतशीरपणे मांडले ते फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गे-ल्युसॅक यांनी, १८१९ मध्ये. हे आलेख पदार्थागणिक वेगळे का, याचे कारण उष्णतेच्या हिशेबात आहे. स्फटिकातील आयनांची बांधणी मोडायला उष्णता लागते, तर सुट्या आयनांभोवती पाण्याचे रेणू गोळा होताना उष्णता बाहेर पडते. पहिली रक्कम मोठी असेल तर विरघळताना पाणी थंड होते. एक मोल सोरा भरपूर पाण्यात विरघळताना सुमारे ३५ किलोज्यूल उष्णता ओढून घेतो; मीठ केवळ ४ किलोज्यूलच्या आसपास. ल शातेलिये यांच्या १८८४ च्या तत्त्वानुसार, उष्णता शोषून घडणाऱ्या क्रियेला बाहेरून उष्णता दिली की ती पुढे सरकते. म्हणून सोऱ्याचा आलेख उभा चढतो आणि मिठाचा जवळजवळ आडवा पडतो. अबुल फजलच्या ‘आइने अकबरी’त सोऱ्याने पिण्याचे पाणी गार करण्याची रीत नोंदवली आहे. तापवल्यावर सोरा जास्त विरघळणे आणि सोरा विरघळताना पाणी गार होणे, या एकाच गुणधर्माच्या दोन बाजू आहेत.

विरघळताना उष्णता बाहेर टाकणाऱ्या चुन्याची विद्राव्यता तापवल्यावर घटते. कॅल्शियम हायड्रॉक्साइड ०° से.ला ०.१८ ग्रॅमच्या आसपास विरघळते, १००° से.ला त्याच्या निम्म्याहूनही कमी. चुन्याची ताजी, नितळ निवळी परीक्षानळीत घेऊन तापवली की ती गढूळ होते, कारण न मावणारा चुना बारीक कणांनी बाहेर पडतो. लिथियम कार्बोनेटही याच वर्गातले.

‘विरघळताना पाणी तापले, म्हणजे विद्राव्यता तापमानाबरोबर घटणार’ हा सर्रास शिकवला जाणारा नियम मात्र अपुरा आहे. कॉस्टिक सोडा पाण्यात टाकताच भांडे चटका देण्याइतके तापते, तरी त्याची विद्राव्यता तापमानाबरोबर भराभर वाढते. हिशेबात धरायची ती जवळपास संपृक्त द्रावणात शेवटचा कण विरघळतानाची उष्णता. शिवाय अशा द्रावणाच्या तळाशी असतो तो पाण्याचे रेणू आधीच सामावून घेतलेला सजल स्फटिक, बाटलीतला कोरडा पदार्थ नव्हे. कोरडे कॅल्शियम क्लोराइड पाणी तापवते, तर त्याचा सहा रेणू पाणी असलेला स्फटिक पाणी गार करतो.

तळाशी कोणता स्फटिक आहे यावर आलेखाचे वळणही ठरते. ग्लॉबर मिठाची, म्हणजे दहा रेणू पाणी असलेल्या सोडियम सल्फेटची, विद्राव्यता (कोरड्या सल्फेटच्या वजनात) ०° से.च्या ५ ग्रॅमपासून ३२.४° से.ला सुमारे ५० ग्रॅमपर्यंत चढते. तिथे स्फटिक आपले पाणी सोडतो आणि पुढे कोरड्या सल्फेटचा आलेख सुरू होतो, तो उतरता; १००° से.ला साधारण ४२ ग्रॅम. हेच द्रावण धक्का न लावता सावकाश निववले तर ते अतिसंपृक्तही राहू शकते, आणि स्फटिकाचा एक कण टाकताच भराभर गोठते.

ठिबक सिंचनातून विद्राव्य खते देणाऱ्या शेतकऱ्याला या आकड्यांशी रोजच गाठ पडते. १३:०:४५ हे खत म्हणजे सोराच. तक्त्याप्रमाणे २०° से.च्या १०० लिटर पाण्यात सुमारे ३२ किलो विरघळायला हवे. प्रत्यक्षात २० किलो टाकतानाच ड्रममधले पाणी बारा-पंधरा अंशांनी उतरते, आणि त्या गारठ्यात २० किलोही मावत नाहीत. हिवाळ्याच्या सकाळी तळाशी राहणारा खडा हा खताच्या भेसळीचा पुरावा नसतो. पाणी पुन्हा उन्हाने कोमट होऊ द्यावे किंवा वाढवावे, ढवळावे आणि मगच द्रावण फिल्टरकडे सोडावे. ०:०:५० या पोटॅशियम सल्फेटची तर २०° से.लाही विद्राव्यता फक्त ११ ग्रॅम आहे, त्यामुळे त्याला सुरुवातीपासूनच जास्त पाणी लागते.